कशामुळे आणि कशावरून

दि. ३ फेब्रुवारी

चि. शंकासुरास,

अनेक आशीर्वाद, पण ते मागाहून घे. आधी भांडण.

काल चौकशी समितीसमोर कंपनीच्या वकिलांनी तुझा लेख वाचून दाखवला. मासिकाचा अंक हातात धरून, चष्मा सारखा करून, बक्षीस समारंभात वाचावं तसा. लिफ्टच्या ब्रेकच्या चौकशीत तत्त्वज्ञानाचं मासिक कशाला आलं, हे मला आधी कळेचना. मग ती वाक्यं आली. 'माझ्या परिचयातील एक बाई यंत्रांच्या तपासनीस आहेत. मेंदूत गाठ वाढत गेली तसतशी त्यांची न्यायबुद्धी प्रखर होत गेली. त्यांना वाटते, आपण सत्यासाठी लढतो आहोत. निसर्गाच्या बाजूने पाहिले तर लढते आहे ती गाठ.' वाचून झाल्यावर वकिलांनी नम्रपणे सांगितलं की लेखक हे या बाईंचे सख्खे भाऊ असून कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात. समितीच्या अध्यक्षा निवृत्त न्यायाधीश आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी टेबलाकडे.

परिचयातील एक बाई म्हणे. अरे, तुझं वाहतं नाक पुसलंय मी.

तुला सगळी हकीकत तुकड्यातुकड्यांनी कळलेली आहे, म्हणून सलग सांगते. पुढच्या लेखात निदान तपशील तरी चुकू नयेत.

आमच्या कंपनीनं लिफ्टसाठी नवा ब्रेक काढला आणि तो पहिल्यांदा बसवला एका मोठ्या हॉस्पिटलात. नियमाप्रमाणे ब्रेकची चाचणी सकाळी होते, यंत्र थंड असताना. माझ्या विभागात मी वेगळी रीत ठेवली आहे: लिफ्ट वजनासकट दिवसभर वरखाली चालवायची आणि संध्याकाळी ब्रेक ज्याला पकडतो तो ड्रम हाताला चटका देईल इतका तापला की मग ब्रेक लावायचा. थंड असताना हा ब्रेक आदर्श मुलासारखा वागतो. तापला की त्याची पकड सुटते आणि मजल्यावर थांबलेली केबिन दार उघडत असतानाच खाली सरकते. मी तो पास केला नाही, अधिकृत गरम चाचणी मागितली, आणि तोवर हॉस्पिटलातल्या लिफ्ट बंद राहिल्या. डायरेक्टर म्हणाले की गरम चाचणी नियमात नाही. मी म्हटलं की रुग्ण फक्त सकाळी आजारी पडत नाहीत. ते हसले, आणि त्या हसण्यावर मी काय काय बोलले ते तुझ्या भाऊजींनी तुला सांगितलंच आहे. टेबलावरची फाइलही मी फेकली होती. मला घरी बसवण्यात आलं आणि माझ्या मागणीवर ही चौकशी समिती नेमली गेली. मग एक दिवस बाथरूमच्या दारात फिट आली, स्कॅन झाला आणि कपाळामागे अक्रोडाएवढी गाठ निघाली. मेंदूवर दाबून बसलेली आहे. माणूस चिडका होतो, भीड सुटते, असं सर्जनबाई म्हणाल्या.

नियमाबाहेरची चाचणी मागण्याचा अधिकार फक्त मुख्य तपासनिसाला, म्हणजे मला आहे. ती मागताना माझं डोकं ठिकाणावर नव्हतं असं ठरलं, की मागणी रद्द. मागणी रद्द झाली की हॉस्पिटलातल्या लिफ्ट त्याच ब्रेकवर सुरू होतील. कंपनीला हवं होतं ते तू छापून दिलंस, तेही शुद्धलेखन तपासून.

आता आशीर्वाद घे. रागावलेले असले तरी खरे आहेत.

तुझी परिचित,
ताई

दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार वि. वि. मागाहून पाठवलेले आशीर्वाद पोचले, भांडणही पोचलं.

मी लेखात तुझं नाव घातलं नव्हतं, कंपनीचं घातलं नव्हतं, लिफ्टचा शब्दसुद्धा काढला नव्हता. आमच्या विषयात उदाहरणाशिवाय भागत नाही आणि उदाहरणं घरातलीच सुचतात. आईच्या मोतीबिंदूवर मी पूर्वी ज्ञान म्हणजे काय याचं अख्खं प्रकरण उभं केलं होतं; तिनं ते चार जणींना वाचून दाखवलं. कंपनीचे वकील तत्त्वज्ञानाचं मासिक चाळत असतील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आमचं मासिक आम्ही स्वतः चाळत नाही.

पण लेख काय म्हणतो तेही ऐक. निसर्गवादी माणूस दोन गोष्टी मानतो. पहिली, जे काही आहे ते निसर्गातच आहे. त्याच्या बाहेर आत्म्यासाठी वगैरे वेगळी खोली नाही. दुसरी, ते जाणून घ्यायची रीत विज्ञानाचीच. तत्त्वज्ञानानं त्याच्या शेजारी सतरंजीवर बसावं, उंच आसन मागू नये. एवढं मान्य केलं की अडचण उभी राहते. पेशी निसर्गात सापडतात, गाठी सापडतात. मग 'बरोबर', 'चूक', 'करायला हवं' हे कुठे ठेवायचं? काही जण म्हणतात की नीट पाहिलं तर तीही मेंदूतली घडामोडच आहे, आणखी काही नाही. काही म्हणतात की ते मेंदूवर टेकलेलं आहे. मेंदूत फरक पडल्याशिवाय त्यात फरक पडणार नाही, पण मेंदूची सगळी माहिती सांगून ते सांगून संपत नाही. आणि तिसरे म्हणतात, असं काही नसतंच, सरळ खोडून टाका. मी त्या लेखापुरता खोडणाऱ्यांच्या बाजूनं लिहिलं. खरं सांगायचं तर त्या बाजूनं लिहिलं की लोक वाचतात.

आता उपाय. समितीला मी कळवतो की ते उदाहरण काल्पनिक होतं. दुसरं, तू प्रकृतीच्या कारणानं मागणी मागे घे. त्यात कमीपणा नाही. सर्जनबाई थांबू नका म्हणतात असं भाऊजींनी लिहिलं आहे. तू आधी बरी हो. ब्रेक कंपनीचा आहे, डोकं तुझं आहे. मला या क्षणी जगातल्या कुठल्याही लिफ्टची पर्वा नाही. मला ताई हवी आहे, चिडकी असली तरी चालेल.

लोभ कमी केलास तर तो कशामुळे केलास हे मला ठाऊक असेल, तरी करू नये ही विनंती.

तुझा
शंकासुर

दि. १४ फेब्रुवारी

चि. शंकासुरास,

अनेक आशीर्वाद. तुझे दोन्ही उपाय मी केरात टाकले.

काल्पनिक म्हणून कळवशील तर मी स्वतः जाऊन सांगेन की ती बाई मीच. जिला खोटं खपवून घेता येत नाही अशी ख्याती झाली आहे, त्या बाईच्या भावानं तिच्यासाठी खोटं लिहायचं, हे तुला तरी पटतं का? आणि मागणी मी मागे घेणार नाही.

इथे जो येतो तो माझं सांत्वन करतो. शेजारच्या बाई सांगून गेल्या की गाठ फक्त शरीराला आहे, आतली खरी तू शाबूत आहेस. तुझे भाऊजीही तसंच काहीतरी पुटपुटतात. हे दातांचे डॉक्टर, दुसऱ्याचं तोंड उघडं असतानाच मोकळेपणानं बोलतात, त्यामुळे मी तोंड मिटून ऐकत नाही म्हटल्यावर त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. मी सगळ्यांना सांगते आहे की माझ्या आत दुसरी कोणी बाई बसलेली नाही. मी म्हणजे हेच डोकं, गाठीसकट. निसर्गवाद तू पुस्तकात वाचलास. माझा तो स्कॅनवर आहे. मला त्यातून सुटका नको आहे.

म्हणून तुझ्या लेखाचा राग येतो तो तू निसर्गाला सगळं दिलंस म्हणून नाही, अर्धंच दिलंस म्हणून येतो. तू आणि वकील, दोघांनी माझ्या कवटीत डोकावून पाहिलं आणि चौकशी संपली असं ठरवलं. गाठीनं मला ओरडायला लावलं असेल. ब्रेकला घसरायला तिनं लावलेलं नाही. ब्रेकला मेंदू नाही. तो तापलेला ड्रम, ती झिजलेली लायनिंग, ती खाली सरकणारी केबिन, हे सगळं निसर्गातच आहे ना? मग तिकडे कोण पाहणार?

आमच्याकडे एखाद्या मापाचा संशय आला, तर ते कुठल्या कारखान्यात घडलं यावर आम्ही निबंध लिहीत नाही. दुसरं माप आणतो आणि तीच गोष्ट पुन्हा मोजतो. तुझंही सांगते. तुला पित्ताचा त्रास आहे, लहानपणापासून. पित्त खवळलं की तू जगातल्या सगळ्या गोष्टी खोडायला निघतोस, हे आईला विचार. उद्या तुझ्या लेखाला मी एवढंच उत्तर दिलं की हा पित्तानं लिहिलेला आहे, तर चालेल? वकिलांच्या डोक्यातही काही गुलाबपाणी भरलेलं नाही. ज्याच्या त्याच्या डोक्यात रसायनंच आहेत. मग खोटी ठरली ती एकट्या माझीच का?

गाठीनं काहीच केलं नाही असंही मी म्हणत नाही. ती नसती तर मी गरम चाचणी गोड शब्दांत मागितली असती, त्यांनी गोड शब्दांत टाळली असती, आणि आम्ही सगळे चहा प्यायलो असतो. तिनं माझी भीड घालवली. चष्म्यानं दिसतं म्हणून दिसलेलं खोटं होत नाही.

आता जे फक्त तुलाच सांगते आहे ते. मला भीती वाटते. ऑपरेशनची नाही, सर्जनबाईंचा हात चांगला आहे आणि त्या माझ्याशी खोटं गोड बोलत नाहीत. मी शुद्धीवर येईन, माझ्यासमोर तोच ब्रेक असेल, आणि मी म्हणेन, जाऊ द्या. अगदी मनापासून, हसून म्हणेन. आणि तेव्हा मला त्यात काही चूक वाटणार नाही.

तरीही मी ठरवलं आहे की ऑपरेशन आधी, समितीसमोर नंतर. वकिलांनी पुढची तारीख इतक्या आनंदानं मान्य केली की जणू ऑपरेशनमधून मी गायीसारखी गरीब होऊन बाहेर पडणार हे त्यांना सर्जनबाईंनी लिहून दिलं आहे. आत्ता गेले तर ते म्हणतील, गाठ बोलते आहे. म्हणून गाठ बाजूला ठेवून जाते. पाहू काय उरतं ते.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, तुझा घोटाळा तू निस्तर, कायद्यानं नाही, तत्त्वज्ञानानं. तुला तेवढंच येतं. दुसरी जास्त महत्त्वाची. मी उठल्यावर मला काय वाटायला हवं हे तू मला सांगायचं नाहीस. आठवण करून द्यायची नाही, डोळे भरून बघायचं नाही. वचन दे.

लोभ मी कमी केलेला नाही. फक्त त्याला आवाज फार आहे सध्या.

तुझी
ताई

दि. २० फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार वि. वि. वचन दिलं. मोडलं तर मला परिचयातील एक गृहस्थ म्हण.

मी हरलो असं लिहिणार नाही. धाकट्या भावाला ते परवडत नाही. पण तुझं पत्र आल्यापासून मी वर्गात नीट शिकवू शकलेलो नाही. एखादा विचार माणसाला कशामुळे सुचला हा एक प्रश्न, आणि तो कशावरून खरा मानायचा हा दुसरा. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हा फरक दरवर्षी शिकवतो, त्यावर परीक्षेत प्रश्न विचारतो, आणि चुकलं की लाल रेघ ओढतो. लेखात मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं आणि दुसऱ्याचंही दिलं असं समजून घरी गेलो. तीच रेघ आता माझ्यावर ओढायची वेळ आली आहे.

निसर्गवाद मात्र मी सोडलेला नाही, आणि तूही सोडायला सांगत नाहीस याचं मला बरं वाटलं. निसर्गात गाठी आहेत, तापलेले ड्रम आहेत, आणि पुन्हा मोजून पाहणारी माणसंही आहेत. आपलं चुकलं असेल का असं विचारणं, दुसऱ्याकडून तपासून घेणं, चुकलं तर सुधारणं, ही या प्राण्याची रीत आहे. तिला निसर्गाबाहेरून कुणी मदतीला यावं लागत नाही. मी 'बरोबर' आणि 'चूक' खोडायला निघालो होतो, आणि ते खोडणं बरोबर आहे असं पटवून देत होतो. ज्या फांदीवर बसलो होतो तिच्यावरच करवत चालवत होतो, आणि करवतीचा आवाज मला विद्वत्तेचा वाटत होता.

हे सगळं एका पानावर लिहून मी समितीकडे पाठवलं आहे. समोर येऊन बोलण्याची परवानगी मागितली होती; त्यांनी कळवलं की तत्त्वज्ञान हा विषय तज्ज्ञांच्या यादीत नाही. मासिकाकडे माझ्याच लेखावर आक्षेप पाठवला. आमचे विभागप्रमुख भडकले आहेत. त्यांचं म्हणणं, आपल्यावर टीका दुसऱ्यांनी करेपर्यंत थांबायचं असतं.

ऑपरेशनला मी येऊ का? ये म्हणालीस तर येतो, गप्प बसून राहतो. लोभ आवाजासकट असू दे. मला त्याचीच सवय आहे.

तुझा
शंकासुर

दि. १६ मार्च

प्रिय प्रोफेसर,

स. न. वि. वि. तुम्ही ऑपरेशनच्या दिवशी येऊन गप्प बसलात, चहा आणून दिलात, याबद्दल आभार मानायचे राहिले होते. तुम्ही परत गेल्यापासूनची हकीकत कळवतो.

सगळं उत्तम आहे. गाठ पूर्ण निघाली, साधी होती. तुमच्या ताईच्या डोक्यावरचे टाके निघाले आहेत आणि केस बारीक उगवू लागले आहेत. पण खरी बातमी वेगळी आहे. तुमची बहीण मऊ झाली आहे. मला दुसरा शब्द सापडत नाही. सकाळी उठून खिडकीत बसते, माझ्याशी हळू बोलते. मला जेवायला काय आवडेल असं तिनं परवा विचारलं, तेव्हा मी क्षणभर मागे वळून पाहिलं की कुणाला विचारते आहे. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसानं काम अर्धवट सोडलं तर तिनं त्याला पुन्हा या म्हटलं, बस. गेल्या वर्षभरात या घरात मी चपला काढायच्या आधी तिच्या रागाचा अंदाज घ्यायला शिकलो होतो. तो धडा आता विसरतो आहे.

कंपनीच्या डायरेक्टरांनी फुलं पाठवली. मला वाटलं, खिडकीतून खाली जातील. तिनं ती पाण्यात ठेवली. वकिलांचा माणूस एक कागद ठेवून गेला. मागणी मागे घेत असल्याचा मजकूर आहे, खाली फक्त सही करायची. तिनं वाचला आणि सावकाश बघते म्हणाली. तेव्हापासून तो कपाटावर आहे. ब्रेकचं नाव तिनं एकदाही काढलेलं नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. तारीख जवळ आली आहे. तुम्ही तिला काही लिहू नका. मी भित्रा आहे असं तुम्हाला वाटेल, वाटू द्या. लिफ्ट दुसऱ्या कुणी थांबवाव्यात. मला माझी बायको परत मिळाली आहे, आणि ती नवी असली तरी मला पुष्कळ आवडते.

तुमचा स्नेह माझ्यावर थोडा आणि तिच्यावर पूर्ण असावा.

आपला,
भाऊजी

दि. २१ मार्च

ती. भाऊजींस,

सा. न. वि. वि. तुम्हाला मी भित्रा म्हणणार नाही. तुम्ही तिच्याजवळ वर्षभर होतात आणि मी लेख लिहीत होतो.

मी तिला काही लिहिणार नाही. तुम्ही सांगता म्हणून नाही. तिनं आधीच वचन घेतलं आहे. पण ते वचन फक्त एका बाजूनं पाळता येत नाही. तिनं काय वाटून घ्यावं हे मी सांगायचं नाही, तसं तुम्हीही सांगायचं नाही. तो कागद तुम्ही तिच्यासमोर सरकवू नका आणि लपवूही नका. तिला आत्ता जे वाटेल ते तिचंच असेल, आणि तिनं सही केली तर मी ती मान्य करीन.

आमच्या दोघांवरचा लोभ सारखाच वाटून द्यावा.

आपला
शंकासुर

दि. ११ एप्रिल

चि. शंकासुरास,

अनेक आशीर्वाद. तू वचन पाळलंस, आणि यांनाही पाळायला लावलंस असं यांनीच परवा कबूल केलं. पत्राला उशीर झाला, कारण आधी पाहायचं होतं.

यांनी तुला खरंच लिहिलं होतं. मी मऊ झाले. डोक्यात सतत चालणारा एक पंखा बंद व्हावा तसं वाटतं, आणि तो चालू होता हे बंद झाल्यावरच कळलं. फुलं छान होती म्हणून पाण्यात ठेवली. कागद वाचला तेव्हा मी रागाची वाट पाहिली. आला नाही. पुन्हा वाचला, डायरेक्टरांचं ते हसणं मुद्दाम आठवून पाहिलं. तरी आला नाही. म्हणजे राग गाठीचाच होता. मला ते कळून रडू आलं, कारण तो मला माझा वाटत होता. हे तुझ्या लेखातलं बरोबर होतं, ते तुला देऊन टाकते.

मग मी मोजमापं काढली आणि दुसऱ्या कुणाचं काम तपासतात तशी पहिल्यापासून तपासली. खरं सांगते, चूक सापडावी अशी इच्छा होती. सापडली असती तर सही करून खिडकीत बसले असते. खिडकी फार चांगली आहे. आणि चूक सापडली. घसरण मी थांबवायचं बटण दाबल्यापासून मोजली होती. मोजायला हवी ब्रेक ड्रमला टेकल्यापासून. मी चिडलेली असताना कुणाचं ऐकत नव्हते, नाहीतर विभागातल्या कुणीही दाखवलं असतं. सगळं पुन्हा मांडलं. घसरण कमी झाली. पण राहिली. रुग्णाची ट्रॉली अर्धी आत आणि अर्धी बाहेर असताना जेवढी पुरेशी होते, तेवढी राहिलीच. गाठीनं थोडं वाढवून सांगितलं होतं. खोटं सांगितलं नव्हतं.

ठरल्या तारखेला गेले. यांनी सोबत यायचं ठरवलं आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. वकिलांनी फार मायेनं विचारलं की आता राग येतो का. मी नाही म्हटलं. कंपनीतली माणसं दुष्ट आहेत असं अजून वाटतं का. मी तेही नाही म्हटलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग मी आधीच्या मोजणीतली माझी चूक सांगितली. ते जवळजवळ उभेच राहिले. म्हणाले, आजारपणात आकडे फुगवले हे बाईंनी स्वतःच मान्य केलं आहे, तेव्हा मागणी राहिली कुठे. मी म्हटलं, मागणी आहे तशीच आहे. तेव्हा ओरडून केली होती, आज बसून करते आहे. त्यांनी विचारलं की मग ही मागणी नेमकी कुणाची समजायची, आजारी बाईंची की बऱ्या झालेल्या. मी सांगितलं की दोघींचीही समजा, आणि दोघींवरही विश्वास ठेवू नका. ब्रेक तापवा आणि बघा.

अध्यक्षांनी तुझं पान समोर काढून ठेवलं होतं. हे लिहिणारे आणि तो लेख लिहिणारे गृहस्थ एकच का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या की विचार कुठून आला याची चौकशी या समितीनं पुष्कळ केली, आता ब्रेककडे वळू या. तज्ज्ञांच्या यादीत नसूनही तुझा उपयोग झाला. आईला सांग, ती चार जणींना सांगेल.

चाचणी कंपनीच्याच माणसांनी केली, मी हात लावायचा नाही या अटीवर. लिफ्ट तपासायचा कंपनीचा मनोरा आहे, त्याच्या तळाशी मी खुर्चीत बसले. दिवसभर केबिन वजनासकट वरखाली झाली. संध्याकाळी ती मजल्यावर थांबली, दार उघडू लागलं, आणि ती सरकली. वकिलांनी घड्याळात पाहिलं. हॉस्पिटलातल्या लिफ्ट ब्रेक बदलल्याशिवाय सुरू होणार नाहीत, असा निर्णय लेखी झाला आहे.

निसर्गात 'हवं' कुठे ठेवायचं, असं तू विचारत होतास. मला ठाऊक नाही. पण ती केबिन थांबायला हवी होती आणि थांबली नाही, हे त्या मनोऱ्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसलं, वकिलांनासुद्धा. ते तुझ्या निसर्गात बसत नसेल, तर निसर्ग तू कमी मोजला आहेस. पुन्हा मोज.

घरी येताना यांनी विचारलं, मग त्या सर्जनबाईंनी डोक्यातून काढलं तरी काय. मी म्हटलं, आरडाओरडा. ते म्हणाले की तेवढा काढला हेही पुष्कळ झालं, आणि माझी पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली.

एक राहिलं. कंपनीनं कळवलं आहे की ब्रेकचा प्रश्न वेगळा आणि माझा वेगळा; मी तपासनीस म्हणून मनानं सक्षम आहे की नाही, हे पुढे सवडीनं ठरेल. तोवर मी घरी बसायचं आहे. पत्राखाली डायरेक्टरांची सही आहे आणि प्रकृतीसाठी शुभेच्छा आहेत.

मी घरी बसणार नाही. सोमवारी कामाच्या वेळेला कंपनीच्या दारात जाऊन उभी राहणार आहे, आणि आत घेईपर्यंत रोज उभी राहीन. ओरडणार नाही, ती सोय आता राहिली नाही. रागावलेल्या बाईला बाजूला करणं सोपं असतं, तिचं डोकं फिरलं म्हटलं की झालं. राग न येता उभ्या असलेल्या बाईचं हे लोक काय करतात, ते मला बघायचं आहे.

लोभ आहे तसाच राहू दे, त्याला आता माझ्याकडून आवाज येणार नाही एवढंच.

तुझी
ताई